पहिल्या दोन बादल्या

घाडीमामा घाबरट होते. हे आधीच सांगून टाकते, कारण त्यांच्याविषयी कुणीही बोलायला लागलं की पहिलं वाक्य हेच असायचं. त्यांचं पूर्ण नाव विश्राम घाडी. आमच्या मुलुंडच्या औषध कारखान्यात ते टाकीवर होते, म्हणजे पातळ औषधं ढवळायच्या मोठ्या स्टीलच्या टाकीवर. कोकणात घाडी म्हणजे गाऱ्हाणं घालणारा, भुतंखेतं उतरवणारा माणूस. त्यावरून कारखान्यात रोज एक तरी विनोद व्हायचा. "भुतांनी ह्यालाच उतरवलाय," असं पॅकिंगमधल्या बायका म्हणायच्या. मामा हसायचे, आणि हसताना सुद्धा एक डोळा टाकीच्या काट्यावर.

लिफ्टमध्ये ते कधी बसले नाहीत. फिरत्या पंख्याच्या बरोबर खाली खुर्ची असेल तर ती हातभर सरकवून मगच बसायचे. घरून निघाले की सिलिंडर बंद केला का, हे बघायला अर्ध्या वाटेवरून परत जायचे. त्यांच्या बायकोने म्हणे शेवटी त्यांच्यासमोर नळी काढून पिशवीत घालून द्यायला सुरुवात केली, "घ्या, आता बरोबरच न्या" म्हणून. मामांनी ती खरंच दोन दिवस आणली होती.

मी तेव्हा नवीन होते. गुणवत्ता तपासणीच्या प्रयोगशाळेत मी आणि माझ्या वरचे एक साहेब, बस. बॅच तयार झाली की टाकीतून नमुना आणायचा, मशीनवर लावायचा, औषधाचं प्रमाण बरोबर आलं की सही करायची. पहिल्याच आठवड्यात मी टाकीच्या झाकणातून लांब दांड्याच्या भांड्याने वरचं औषध काढलं आणि निघाले. मागून आवाज आला.

"मॅडम, तळाचं काय?"

"अर्धा तास ढवळलंय ना मामा. सगळीकडे सारखंच असणार."

"कोण म्हणालं?"

मी जरा चिडूनच बघितलं. नुकती एम.एस्सी. झालेली मी, आणि हा दहावी नापास माणूस मला विचारतोय कोण म्हणालं. मामांना ते कळलं असावं. दुपारी डबा खाऊन झाल्यावर प्रयोगशाळेच्या दारात आले, हातात कोकम सरबताची बाटली. गावची, घरी केलेली, साखरेच्या पाकातली, मधासारखी दाट.

"एक काचेचं भांडं द्या. आणि थंड पाणी."

मी दिलं. त्यांनी पाण्यात सावकाश धार सोडली. लाल दोरीसारखी ती सरळ तळाशी गेली आणि तिथे वेटोळं करून बसली. मग त्यांनी मला काचेची कांडी दिली. "ढवळा. जोरात ढवळा."

मी ढवळलं. पाण्यात भोवरे उठले, सगळं भांडं गुलाबी झालं.

"झालं?"

"झालं."

त्यांनी भांडं उचलून खिडकीच्या उजेडात धरलं. वर छान एकसारखा गुलाबी रंग. तळाशी, कडेकडेने, बोटभर जाडीचा गर्द लाल थर जसाच्या तसा. भोवरे त्याच्या डोक्यावरून फिरून गेले होते, त्याला हलवूनही गेले होते, पण फोडू शकले नव्हते.

"पातळ असतं ते ऐकतं," मामा म्हणाले. "दाट ऐकत नाही. त्याला आधी ऊब द्यायला लागते, सैल करायला लागतं. नाहीतर ते भोवऱ्याबरोबर नुसतं फिरतं. बघणाऱ्याला वाटतं, मिसळलं."

पुस्तकात हे सगळं मी शिकले होते, सूत्रांसकट. परीक्षेत त्यावर चांगले गुणही मिळाले होते. पण आता मी त्या भांड्याचा तळ कांडीने पुन्हा पुन्हा खरवडत राहिले. आमच्याकडे बरीचशी औषधं लहान मुलांची व्हायची.

तेव्हापासून मी तळाचा नमुना घ्यायला लागले. मामांना कारखान्यात टोपणनाव होतं, तळमामा. कुणाचं लग्न ठरलं, कुणी नवी जागा घेतली, कुणाच्या मुलाला नोकरी लागली, की मामा विचारणार, "ते ठीक, पण तळाचं काय?" लोक वैतागायचे. एकदा मालकांनी नवी गाडी घेतली आणि पेढे वाटले, तेव्हा मामांनी वाकून गाडीच्या खाली बघितलं होतं.

टाकीपाशी मात्र त्यांची थट्टा कुणी करत नसे. टाकीतला ढवळणारा स्टरर सुरू झाला की मामा डावा तळवा टाकीच्या अंगाला लावून उभे राहायचे. मोटरचा आवाज, पत्र्याची थरथर, वरची ऊब, खालची ऊब, यातून त्यांना आत काय चाललंय ते कळायचं. खरं औषध ग्लिसरीनमध्ये विरघळवून त्याचं घट्ट मिश्रण वेगळ्या पिंपात करायचे. ते गरम करून, पातळ करून मगच मोठ्या टाकीत सोडायचं असा नियम होता. नियमात नसलेली एक गोष्ट मामा करायचे. ढवळून झालं की तळाच्या नळातून पहिल्या दोन बादल्या काढायचे, त्या शिडी चढून वरून परत टाकीत ओतायचे, पुन्हा दहा मिनिटं स्टरर चालवायचे, आणि मगच बाटल्या भरायला परवानगी द्यायचे. नळाच्या वळणात आणि तळाच्या खोलगट जागेत काही बसलं असेल तर ते असं वर यायचं. पन्नाशी उलटलेला माणूस, भरलेल्या बादल्या घेऊन शिडीवर. एकदा मी म्हटलं, "मामा, हे कागदावर का नाही आणत? सगळ्यांनीच करायला हवं."

"दोनदा सांगितलं साहेबांना. म्हणाले, घाडी, तुमच्या भीतीला कागदावर कुठं जागा करू?"

"तुम्हाला एवढी भीती कशाची वाटते पण? काही झालं होतं का कधी?"

त्यांनी हातातली बादली खाली ठेवली. एरवी ते आमच्यासारखंच मुंबईचं मराठी बोलायचे. घाबरले, किंवा फार आतलं काही बोलायचं असलं, की मालवणी यायची.

"भियाक कारण कित्याक व्हया, मॅडम? न भियाक कारण लागता."

पुढे जे झालं ते मामा गावाला गेले त्या आठवड्यात. त्यांच्या भावाचं वर्षश्राद्ध होतं, पाच दिवसांची रजा. त्यांच्या जागी सुर्वे नावाचा दुसऱ्या पाळीतला ऑपरेटर होता. कामाचा होता, बेफिकीर वगैरे नव्हता. त्याच आठवड्यात बॉयलर बंद पडला. दुरुस्तीवाला येतो येतो म्हणत आला नाही. ऑर्डर मात्र द्यायची होती, मुलांच्या सर्दी-खाजेचं औषध, ते घेतलं की थोडी गुंगी येते तसलं. सुर्वेने घट्ट मिश्रण थंडच टाकीत ओतलं आणि भरपाई म्हणून दुप्पट वेळ ढवळलं. मी नमुना घ्यायला गेले तर तळाचा नळ बाटल्या भरायच्या मशीनला जोडून झाला होता. पुन्हा काढायचा म्हणजे अर्धा तास. मी वरचा आणि मधला नमुना घेतला. दोन्ही जवळजवळ सारखे आले. प्रमाण किंचित कमी, पण मर्यादेत. मी सही केली.

प्रमाण किंचित कमी. उरलेलं कुठे गेलं, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. पडायला हवा होता.

मामा शनिवारी सकाळी परत आले. खांद्याला पिशवी तशीच, आधी टाकीजवळ गेले. रजेतल्या नोंदी वाचायची त्यांची सवय होती. मी प्रयोगशाळेत चहा घेत होते. ते दारात येऊन उभे राहिले, हातात नोंदवही. चेहरा असा झाला होता की मी कप खाली ठेवला.

"बॉयलर बंद होतो?"

"हो, सोमवारपासून."

"आनि ह्या थंड ओतल्यान? सव्वीस डिग्रीर?"

"हो, पण मामा, दुप्पट ढवळलं. नमुना बरोबर आलाय."

"तळाचो?"

मी खुर्चीतून उठले.

"मॅडम." त्यांनी नोंदवही मिटली. "पयलो खोको खंय गेलो?"

प्रत्येक बॅचची सुरुवातीची, मधली आणि शेवटची बाटली आम्ही कपाटात जपून ठेवायचो. मी धावत जाऊन सुरुवातीची बाटली काढली. उजेडात धरली. काही दिसलं नाही. हे औषध दाट असो की पातळ, रंग तोच. कोकमासारखं कळत नाही. मशीनवर लावलं. निकाल यायला दीड तास लागला. मामा बाहेर स्टुलावर बसले होते, दोन्ही हात मांडीखाली दाबून, हातांनी काही करू नये म्हणून जणू. मधेच उठून निकाल आला का म्हणून विचारायचे, "इला?" आणि मी मान हलवायचे.

कागद बाहेर आला. मी तीन वेळा हिशोब केला. असायला हवं त्याच्या पाचपट औषध त्या बाटलीत होतं.

त्यांना सांगायची गरज पडली नाही. माझ्याकडे बघूनच ते भिंतीला टेकले.

पहिला खोका दिंडोशीला गेला होता. तिथे एक ट्रस्ट मुलांचा स्वस्त दवाखाना चालवायचा. त्यांची ऑर्डर नेहमी आधी जायची. बाकीचा माल सुदैवाने गोदामातच होता. आम्ही मालकांकडे गेलो. ते वाईट माणूस नव्हते, हे मला सांगितलंच पाहिजे. कागद बघून त्यांच्या ओठांचा रंग गेला. त्यांनी दवाखान्यात फोन लावला. वाजत राहिला. शनिवारी दवाखाना एकला बंद व्हायचा, आणि दीड वाजला होता.

"मी ट्रस्टींना गाठतो," मालक म्हणाले. "वकिलांशी बोलतो. तुम्ही कुणी तिकडे जाऊ नका. असं एकदम जाऊन सांगितलं तर लोक मारतील तुम्हाला. घाडी, ऐकलं ना?"

"ऐकला," मामा म्हणाले. डोक्यावरची कारखान्याची टोपी काढून त्यांनी मालकांच्या टेबलावर ठेवली, आणि चपला घालायला बाहेर गेले.

मी त्यांच्या मागे गेले. धैर्याने वगैरे नाही. मला तिथे एकटीला थांबायची भीती वाटत होती.

रिक्षा गोरेगाव-मुलुंड लिंक रोडने निघाली. भांडुपपाशी सिग्नलला अडकलो तेव्हा मामांनी विचारलं, "किती चमचे देतत?"

"एक चमचा. दिवसातून दोनदा. खूप सर्दी असेल तर तीनदा."

"म्हणजे पाच चमचे. दोनदा. काय होता त्यान?"

"मूल झोपतं."

"आनि?"

"जास्त झोपतं मामा."

"किती जास्त?"

श्वास मंदावतो, झटके येऊ शकतात, हे मला माहीत होतं. रिक्षावाल्याने आरशातून आमच्याकडे बघितलं आणि न सांगता वेग वाढवला.

दवाखान्याचा औषधं देणारा माणूस मागच्याच इमारतीत राहायचा. त्याला उठवून आणलं. खोका उघडलेला होता. शुक्रवार-शनिवार मिळून सात बाटल्या गेल्या होत्या. नोंदवहीत सात नावं, सात फोन नंबर. तिथल्याच बाकावर बसून मी फोन करायला लागले. मामा प्रत्येक नावावर पेन्सिलने खूण करत होते. एकाने बाटली फोडलीच नव्हती. एकीचा मुलगा रात्रीपासून सुस्त होता, पण आत्ता चालतोय, खातोय. तिला ताबडतोब डॉक्टरकडे जायला सांगितलं. दोघीजणी मला शिव्या देत रडायला लागल्या. पाचवी, सहावी. सातवा नंबर लागला आणि वाजत राहिला. पुन्हा केला. पुन्हा वाजत राहिला.

आरव, वय अडीच. आईचं नाव रेश्मा. पुनर्वसनाच्या उंच इमारतींपैकी एक, चौदावा मजला.

इमारत पाच मिनिटांवर होती. लिफ्ट खालीच होती. मी आत गेले, मामा दारात थांबले. आतल्या छोट्याशा पिवळ्या दिव्याकडे ते बघत होते.

"तुम्ही फुडे जावा. मी जिन्यान येतंय."

लिफ्टचं दार बंद होताना मला त्यांचे पाय दिसले, दोन-दोन पायऱ्या चढणारे.

दार आजीने उघडलं. मी दवाखान्यातून आलेय म्हटल्यावर तिला आनंदच झाला. रेश्मा चार घरची स्वयंपाकाची कामं करते, फोन घरीच विसरून गेलीय, आणि मला तो उचलता येत नाही, असं तिने सांगितलं. फोन टीव्हीवर होता. त्याच्या शेजारी आमची बाटली. तिसरा हिस्सा रिकामी.

"औषध चांगलंय हो तुमचं," आजी म्हणाली. "काल रात्री दिलं, सकाळी दिलं. पोरगं दोन दिवस झोपलं नव्हतं, आता बघा कसं शांत झोपलंय. सकाळपासून एकदा पण उठलं नाही."

कोपऱ्यात चटईवर तो होता. निळी चड्डी, उघडं अंग, एक हात डोक्याच्या वर. मी हाक मारली. खांदा हलवला. जोरात हलवला. त्याचं डोकं एका बाजूला कललं आणि तसंच राहिलं. गाल तापलेला होता आणि कोरडा. मला श्वास दिसत नव्हता. मी डॉक्टर नाही, मला बाटल्या तपासता येतात; मी पुन्हा त्याचा खांदा हलवला. आजी म्हणत होती, "अहो कशाला उठवताय, झोपू दे ना."

मामा दारात आले. धाप लागलेली, शर्ट अंगाला चिकटला होता. ते गुडघ्यांवर बसले. ज्या तळव्याने टाकी बघायचे तो तळवा त्यांनी त्या छातीवर ठेवला. अख्खी छाती त्याखाली झाकली गेली. खाली कुठेतरी कुकर शिटी देत होता, शेजारी मालिका चालू होती, आणि आम्ही तिघं त्या हाताकडे बघत होतो.

"आसा," ते म्हणाले. "श्वास आसा. लय बारीक आसा."

त्यांनी मुलाला उचललं. बाटली मी घेतली. आजी ओरडायला लागली; हॉस्पिटलात नेतोय, रेश्माला पाठवा, एवढं मी तिला सांगितलं. जिन्याकडे जायला त्यांना वेळच नव्हता. लिफ्ट अजून त्याच मजल्यावर होती आणि मामा तिच्यात शिरले. आपण कुठे उभे आहोत हे त्यांना कळलं होतं की नाही, मला माहीत नाही. चौदा मजले ते मुलाच्या नाकाशी कान लावून होते.

सरकारी हॉस्पिटलात मुलाला लगेच आत घेतलं. तरुण डॉक्टरीणबाई होती. तिने विचारलं, "काय दिलं होतं?" मी बोलायला तोंड उघडलं, तर त्याआधी मामांनी सगळं सांगितलं, औषधाचं नाव, चमच्यात किती असायला हवं, किती होतं, कितीदा दिलं, शेवटचं कधी. परीक्षेला बसल्यासारखं उभं राहून. डॉक्टरीण लिहीत होती, लिहिता लिहिता थांबली.

"तुम्हाला एवढं कसं माहीत?"

"आमच्या कारखान्यातलं आहे."

तिने तेही लिहून घेतलं. मग म्हणाली, "बरं झालं नेमकं सांगितलंत," आणि आत पळाली.

रेश्मा तासाभराने आली. पदर खोचलेला, हातांना पीठ. तिला कुणी काय सांगितलं होतं कोण जाणे. ती सरळ मामांसमोर आली.

"तुम्ही कोण?"

मी तिथे होते. मी म्हणू शकले असते की सही माझी आहे. मी नंतर म्हटलं, चौकशीत म्हटलं, लेखी दिलं. पण त्या क्षणी मी एक पाऊल मागे सरकले.

"ह्या औषध मी ढवळतंय," मामा म्हणाले.

तिला कळायला वेळ लागला. मला वाटलं आता ती मारेल. मामांनाही वाटलं असावं, कारण त्यांनी डोळे मिटले. तिने त्यांच्या शर्टाची बाही मुठीत धरली.

"इथून हलायचं नाही," ती म्हणाली. "माझं पोरगं उठेपर्यंत तुम्ही इथून हलायचं नाही."

"नाय हलनंय."

संध्याकाळी मी घरी गेले, आईवडील घाबरले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी परत आले तेव्हा मामा त्याच बाकावर, त्याच जागी. रेश्मा शेजारी, बाही अजून मुठीत. ती बसल्या बसल्या झोपली होती आणि मामा खांदा न हलवता ताठ बसून होते. मला बघून ते नुसते डोळ्यांनी म्हणाले, अजून नाही. रात्री आरवला दोनदा झटके येऊन गेले होते, हे मला बाहेरच्या वॉचमनने सांगितलं.

आरवने रविवारी दुपारी डोळे उघडले. नर्स दारात आली आणि म्हणाली, "आई कोण? पाणी मागतोय." रेश्मा धावली. बाही सुटली. मामांनी चुरगळलेली बाही सरळ केली. बाकाला धरून ते उभे राहिले, आणि मग माझ्याकडे पाठ करून भिंतीकडे तोंड केलं. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला नाही. ठेवायला हवा होता की नाही, मला अजून ठरवता येत नाही.

पुढे चौकशी झाली. माल परत आला, नष्ट झाला. कारखाना तीन महिने बंद राहिला. सुर्वेला, मला, सगळ्यांना बोलावलं. ती बॅच झाली त्या दिवसांत मामा गावाला होते, त्यांच्यावर काहीच येत नव्हतं. तरी त्यांनी जबानीत लिहून दिलं की दोन बादल्यांचं मला माहीत होतं आणि मी ते दुसऱ्या कुणाला शिकवलं नाही. पगार थकलेले कामगार त्यांच्याशी बोलेनासे झाले. "गपचूप माल परत आणला असता तर काही झालं नसतं," असं एकजण त्यांच्या तोंडावर म्हणाला.

कारखाना पुन्हा उघडला तेव्हा नव्या कार्यपद्धतीच्या कागदात पहिल्या दोन बादल्यांची नोंद होती. मालकांनी स्वतः घातली होती, आणि पहिल्या दिवशी स्वतः टाकीपाशी येऊन उभे राहिले. मामा शिडी चढले. तिसऱ्या पायरीवर थांबले. त्यांच्या हातातली बादली इतकी थरथरायला लागली की औषध बाहेर सांडू लागलं. ते खाली उतरले, बादली ठेवली. पुन्हा चढायचा प्रयत्न केला. पुन्हा तेच. महिनाभर त्यांनी प्रयत्न केला आणि मग मुदतीआधी निवृत्ती घेतली. बोरिवलीला मुलीकडे राहायला गेले.

मी नंतर अंधेरीच्या एका मोठ्या कंपनीत लागले. तिथे नवीन मुलामुलींना शिकवायचं काम माझ्याकडे आलं. दोन वर्षांपूर्वी मी मामांना फोन करून बोलावलं. म्हटलं, मुलांशी थोडं बोला. ते नको नको म्हणाले. मग जावयाच्या मोटरसायकलवरून आले, इस्त्रीचा शर्ट घालून. जावई त्यांना सोडून कामाला गेला. खूप बारीक झाले होते.

आमच्या ऋतुजा नावाच्या इंजिनियरने आधी पडद्यावर एक चित्रफीत दाखवली. संगणकावर केलेली टाकी. निळ्या पातळ द्रवात लाल दाट द्रव पडतो, भोवरे उठतात, लाल धागे ताणले जातात, तुटतात, विरतात. दिसायला फार सुंदर होतं. ती समजावून सांगत होती, की दोन्ही द्रवांचा दाटपणा सारखा असेल तर गणित सोपं. पण एक दुसऱ्याच्या शेकडो पट दाट असेल तर भोवऱ्यांची ताकद दाटाच्या कडेलाच मरते, आत पोचत नाही, आणि तापमानाप्रमाणे हे सगळं क्षणाक्षणाला बदलतं. शेवटी टाकी निळसर-जांभळी झाली. तळाच्या कोपऱ्यात नखाएवढा लाल ठिपका उरला.

"हे फारच थोडं आहे," ती म्हणाली. "इतकं आपण धरत नाही."

मामा खुर्चीतून उठले होते. ते पडद्याजवळ गेले, अगदी जवळ, आणि त्यांच्या चेहऱ्यावर निळा उजेड पडला.

"ह्या तांबडा," ते म्हणाले, "कितक्या बाटल्यांचा?"

ऋतुजाला आधी कळलंच नाही. मी पुन्हा विचारलं. तिने मोबाईलवर हिशोब केला.

"साठ. साठ-पासष्ट."

"खंयच्या?" कुठल्या बाटल्या, ते त्यांना हवं होतं.

खोलीत पंचवीस मुलंमुली होती. मामा उत्तराची वाट बघत होते, खरंच वाट बघत होते, एकेका चेहऱ्याकडे बघत. मग त्यांनी मान हलवली आणि खाली बसले. मी त्यांना पाणी दिलं, ग्लास दोन्ही हातांनी धरून त्यांनी प्यायलं, आणि निघतो म्हणाले. रिक्षा बोलावते म्हटलं तर नको, बसने जाईन.

मी दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतून बघत होते. ते रस्त्याच्या कडेला उभे होते, पलीकडे बस थांबा. सिग्नल पडला, गाड्या थांबल्या. मामांनी एक पाऊल खाली टाकलं आणि परत वर घेतलं. गाड्या गेल्या. पुन्हा सिग्नल पडला. ते थांबलेल्या गाड्यांकडे, चालवणाऱ्या एकेका माणसाकडे बघत होते आणि पाय उचलत नव्हते. तिसऱ्यांदा शाळेची पिशवी लावलेल्या एका मुलीचा हात धरून कुणी बाई आली. मामा तिला काहीतरी म्हणाले. बाईने मान हलवली. मग ते तिघं बरोबर निघाले, मामा गाड्यांच्या बाजूला, हात आडवा धरून, ती मुलगी त्यांच्या पलीकडे.